मदत हवी आहे: एकांड्या मधमाशीचा डीएनए बारकोड आला, पण नाव सापडेना

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मसाई पठारावर (रीतसर परवानगी काढून) आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला वांग्याच्या शेतात एकांड्या मधमाश्या गोळा करतोय. आग्या, सातेरी, फुलोरी ओळखायला त्रास नाही. निळ्या पट्ट्यांची अमेजिला तर आवाजावरूनच कळते, वांग्याच्या फुलाला बिलगून अशी घुं घुं करते की पराग भुरुभुरु खाली येतो. घोडं अडलंय लॅसिओग्लॉसम या गटापाशी. इवलीशी काळपट माशी, भिंगाखाली सगळ्या सारख्याच.

म्हणून प्रत्येकीच्या एका पायातून डीएनए काढला, बाकीची माशी लेबल लावून टाचणीवर ठेवलीय. फोल्मर प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारे छोटे डीएनए धागे) लावून माइटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा घेतला, हाच बारकोड; सँगर पद्धतीनं तो वाचून घेतला बाहेरच्या लॅबमधून. काही क्रोमॅटोग्राममध्ये (वाचनाच्या आलेखात) शिखरावर शिखर चढलंय. एक नमुना ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून बघायचं साधन) चक्क वोल्बाकिया निघाला, म्हणजे कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू! उरलेले स्वच्छ आहेत, पण बोल्ड या बारकोडांच्या जागतिक संग्रहावर जास्तीत जास्त ९१ टक्के साम्य, तेही परदेशी माशीशी. सर म्हणतात, 'लॅसिओग्लॉसम एसपी. (म्हणजे जात न ठरवता) लिही आणि मोकळा हो.' मन मानत नाही. नॅनोपोर (डीएनए वाचायची दुसरी पद्धत) केलं तर सुटेल का? खर्च खिशातूनच आहे.

प्रतिसाद:

भावा, ९१ वर नाव लावू नकोस आणि 'नवी जात सापडली' म्हणून नाचूही नकोस. त्या जातीचा सिक्वेन्स अजून बोल्डवर कुणी टाकलेला नाही, एवढंच त्यातून कळतं.

जोडशिखरं बहुधा नम्टची. माइटोकॉन्ड्रियाच्या जनुकाची जुनी नक्कल केंद्रकात जाऊन बसते आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) तीही वाढते. अपृष्ठवंशीयांचा माइटोकॉन्ड्रियल कोड लावून सिक्वेन्स अमिनो आम्लांत उतरव. मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथंच थांबवणारी खूण) आला तर नम्ट धर. नाही आला तरी लगेच निर्धास्त होऊ नकोस.

नॅनोपोरमध्ये एकेक रेणू सुटा वाचला जातो, त्यामुळं माशी, नम्ट, वोल्बाकिया वेगळे पाडता येतात. प्रत्येक नमुन्याला वेगळा टॅग लावून शेकडो पाय एका रनमध्ये घालायचे असतील तरच ते परवडतं. मोजकेच नमुने असतील तर आधी लेपएफ१-लेपआर१ ही दुसरी प्रायमर-जोडी लावून बघ.

आणि नर पकड! नराचं जननांग पाहिल्याशिवाय यातल्या कित्येक जातींवर तज्ज्ञ शिक्का मारत नाहीत. कुठला नर कुठल्या मादीचा, हे मात्र बारकोड छान जुळवून देतो.

धागाकर्ता: धन्यवाद दादा. स्टॉप कोडॉन आज रात्रीच तपासतो. नराचं जननांग बघून देणारं कुणी ओळखीत आहे का?