वस्ताद आणि फड भरवणारा एकच असला तर?

औसा रोड, लातूर

मी लातूरला एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. संध्याकाळी मैदानाच्या कोपऱ्यात १५-२० पोरांना बॉक्सिंग शिकवतो. त्यातलं एक निलंगा तालुक्यातलं पोरगं, २२ वर्षांचं, राज्य स्पर्धेपर्यंत जाऊन आलेलं. मागच्या वर्षी एका आयोजकानं त्याला व्यावसायिक लढतीसाठी बोलावलं. मंगल कार्यालयात रिंग लावलेली, लाइट, डीजे, सगळा थाट. पोरगं जिंकलं.

मानधन ठरलं होतं १५,००० रुपये. पण लढतीच्या तीन आठवडे आधी त्याच्या हातात ३०० रुपयांची ६० तिकिटं दिली होती, विकून आण म्हणून. सराव सोडून ते मामाच्या किराणा दुकानात बसून तिकिटं विकत होतं. ४३ गेली. उरलेल्या १७ चे ५,१०० कापले. वैद्यकीय तपासणी आणि नोंदणी म्हणून आणखी २,००० कापले. ७,९०० रुपये पाकिटात घालून दिले. हिशोब पाकिटावरच बॉलपेननं लिहिलेला. ते पाकीट मी जपून ठेवलंय.

आता त्याच आयोजकानं करार पाठवलाय. ११ पानं, सगळी इंग्रजीत. ५ वर्षं दुसऱ्या कुणाकडं लढायचं नाही. मुदत संपली की आणखी २ वर्षं वाढवायचा हक्क आयोजकाचा. वर्षात किती लढती देणार, त्याचा एक शब्द नाही. आणि पोराचा मॅनेजर म्हणून ज्याचं नाव घातलंय तो आयोजकाचा सख्खा मेहुणा. मानधनातले २५ टक्के त्याचे.

आयोजकानं कमवू नये असं मी म्हणत नाही. पैसा लावतो तो कमावणारच. माझा प्रश्न वेगळा आहे. कुस्तीत कमिटी जोड लावते, पण ती पटली नाही तर वस्ताद उठून म्हणतो, "माझं पोरगं आज याच्याशी लढणार नाही." बॉक्सिंगमध्ये हे काम मॅनेजरचं. तो प्रमोटरच्याच, म्हणजे आयोजकाच्याच घरातला असला तर पोराच्या बाजूनं 'नाही' कोण म्हणणार?

हे अलीच्या बाबतीतही झालं. २ ऑक्टोबर १९८० ला ३८ वर्षांच्या मुहम्मद अलीला लास व्हेगासमध्ये तेव्हाचा जगज्जेता लॅरी होम्ससमोर उभं केलं. दोन वर्षं तो लढला नव्हता, थायरॉइडच्या गोळ्यांनी अंगातली ताकद गेलेली. दहा फेऱ्या नुसता मार खाल्ला, मग त्याच्या कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीनं लढत थांबवली. प्रमोटर होता डॉन किंग. ठरलेल्या ८० लाख डॉलरमधले जवळपास १२ लाख कमी दिले. अलीनं दावा लावला, तर किंगनं ५० हजार रोख पाठवून तो मिटवून घेतला. अलीसारख्याची ही गत, तर माझ्या पोराचं काय? तुमचं मत सांगा.

फडकरी, लोहा

सर, तुमच्या लेकराच्या पाकिटातून तिकिटाचे पैसे कापले, ते चूकच. त्यात दुमत नाही. पण त्यावरून सगळ्या प्रमोटरला चोर ठरवूलालात, ते मला पटत नाही.

मी आमच्या गावच्या यात्रा कमिटीत १४ वर्षं आहे. माळेगावची यात्रा आमच्याच तालुक्यातली, खंडोबाच्या त्या फडात बसूनच मोठा झालो. फड भरवायचा म्हंजे काय, ते बाहेरून दिसत नाही. माती चाळायची, तिच्यात तेल-हळद-ताक जिरवायचं, मंडप, हलगीवाले, पंच, पोलिसांची परवानगी, शंभर जणांच्या दारात जाऊन वर्गणी. एवढं करून अवकाळी आला की सगळं मातीमोल. पैलवान गाडीत बसून गेला की मोकळा. देणेकरी आमच्या दारात.

डॉन किंगचं १९८० सांगितलंत, मग १९७४ पण सांगा. अली आणि तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमनला त्यानं प्रत्येकी ५० लाख डॉलर कबूल केले, तेव्हा ते त्याच्या खिशात नव्हते. झैरेचा (म्हंजे आताचं काँगो) हुकूमशहा मोबुटूकडून पैसा उभा केला. लढत आठवड्यावर आली आणि सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली. २५ सप्टेंबरची लढत ३० ऑक्टोबरवर गेली. पाच आठवडे सगळा डोलारा तिथल्या राजधानीत, किन्शासात अडकून पडला. ती जोखीम कुणी घेतली? त्या रात्री अली दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. जोड लावणारा नसता तर ती रात्रच उगवली नसती.

जॅब-क्रॉस, छत्रपती संभाजीनगर

विद्यापीठाच्या परिसरात साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे, त्या भागात वाढलो, बॉक्सिंग तिथूनच लागलं. आता नोकरी करतो. फडकरी भाऊ, तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही ओघात बोलून गेलात. प्रमोटरचा खरा हात जोडीवर असतो. कुणाशी लढायचं, कधी लढायचं, आणि लढायचंच नाही, हे तोच ठरवतो.

ज्या पोराला मोठं करायचं, त्याच्यासमोर हरायला तयार माणसं आणतात. १०-०, म्हणजे दहा जिंकल्या, एकही हरली नाही, असं झालं की पोस्टर छापायचं. इंग्लंडमध्ये पीटर बकली नावाचा बॉक्सर होता. ३०० लढती खेळला, २५६ हरला. तो वाईट बॉक्सर नव्हता, कसलेला होता. बचाव इतका पक्का की नवख्या पोरांना त्याच्याकडून शिकायला मिळायचं. दर आठवड्याला कुणाच्या तरी गावात, पाहुण्याच्या कोपऱ्यात उभं राहणं हाच त्याचा धंदा. आता सरांच्या पोराला हा करार कोणत्या कोपऱ्यात उभा करणार? तिकिटं विकणाऱ्या कोपऱ्यात की हरणाऱ्या? करारात ते लिहिलेलं नसतं. वर्षभरानं कळतं.

आणि बसवून ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. अमेरिकेचा मायकी गार्सिया जगज्जेता होता, एकही लढत हरला नव्हता. टॉप रँक या प्रमोटर कंपनीशी कराराचं भांडण झालं आणि जानेवारी २०१४ ते जुलै २०१६ रिंगमध्ये उतरला नाही. वय २६ ते २८. बॉक्सरच्या आयुष्यातली ही वर्षं शेतातल्या जून-जुलैसारखी असतात. पेरणी चुकली की नंतर कितीही पाणी द्या.

बालाघाट, बीड

सगळे वाईटच बोलायलेत म्हणून लिहितो. विजेंदर सिंग बघा. २००८ ला बीजिंगचं कांस्य, हरियाणा पोलिसात नोकरी. २०१५ ला इंग्लंडचा प्रमोटर फ्रँक वॉरनच्या क्वीन्सबेरी कंपनीशी करार केला, तेव्हा लोक काय काय बोलले. १० ऑक्टोबरला मँचेस्टरमध्ये पहिली लढत जिंकला. जुलै २०१६ ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये केरी होपला हरवून आशिया पॅसिफिकचा पट्टा घेतला. मी तेव्हा पाटोद्याला होतो. आमच्याकडं पोरं कुस्तीवर जीव टाकणारी, राहुल आवारे आमच्याच तालुक्याचा. पण त्या रात्री मोबाईलभोवती १० जण बसून बॉक्सिंग बघत होतो. ते प्रमोटरनंच आणलं ना आमच्यापर्यंत?

जॅब-क्रॉस, छत्रपती संभाजीनगर

बालाघाट, बरोबर आहे, माझ्याही अंगावर काटा आला होता तेव्हा. पण पुढचंही बघ. डिसेंबर २०१७ च्या जयपूरच्या लढतीनंतर विजेंदर थेट जुलै २०१९ ला अमेरिकेत लढला. मधे करार बदलले, सरावात जखम झाली, सगळाच दोष प्रमोटरचा नाही. पण तिशी ओलांडलेल्या माणसाची दीड वर्षं गेली. त्याच्याकडं ऑलिम्पिकचं पदक होतं, नाव होतं, सल्ला द्यायला माणसं होती. निलंग्याच्या पोराकडं काय आहे? सर आहेत, बस.

फडकरी, लोहा

मग पर्याय काय देता? सरकारी फेडरेशन? डिसेंबर २०१२ मध्ये निवडणुकीच्या भानगडीवरून आपल्या बॉक्सिंग महासंघाला आंतरराष्ट्रीय संघटनेनं निलंबित केलं. आपल्या पोरांना तिरंग्याशिवाय खेळावं लागलं. त्यात कुठला प्रमोटर होता? २०१९ ला निखत झरीनला मेरी कोमशी चाचणी लढत मिळावी म्हणून थेट क्रीडामंत्र्यांना पत्र लिहावं लागलं. शेवटी २८ डिसेंबरला लढत झाली, निखत १-९ नं हरली, पण ती एक संधी मिळवायला लेकराला दिल्लीपर्यंत ओरडावं लागलं. आपल्या कुस्तीतही नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, एक आमच्या धाराशिवला, एक पुण्याकडं. दोन्हीकडं खरी गदा आमचीच म्हणणारे.

प्रमोटर निदान उघड सांगतो की मी पैशासाठी करूलालो. बाकीचे देशाचं नाव पुढं करतात आणि खुर्ची सांभाळतात.

आणि एक. माझ्या गावात पोरगी असती हातात ग्लोव्हज घातलेली, तर मी तिला आयर्लंडची बॉक्सर केटी टेलर दाखवली असती. ३० एप्रिल २०२२ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टेलर आणि अमांडा सेरानो मुख्य लढतीला उतरल्या. त्या जागी बायकांची लढत मुख्य म्हणून पहिल्यांदाच झाली, दोघींना १० लाख डॉलरच्या वर मिळाले. ते एडी हर्नसारख्या प्रमोटरांनीच केलं. नफा दिसला म्हणून केलं असेल, तरी केलं.

काळा कोट, परभणी

सर, करार वाचल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, पण तुम्ही जेवढं लिहिलंत त्यावरून दोन गोष्टी.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७. कुणालाही धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. पण त्यावर विसंबून सही करू नका. करार चालू असतानाची 'दुसरीकडं लढू नको' ही अट कोर्ट सहसा मान्य करतं. मुदत संपल्यावरची बंदी टिकत नाही. यावर खेळातलाच निकाल आहे, आणि तोही श्रीरामपूरच्या झहीर खानचा. त्याची जाहिरातीची कामं बघणाऱ्या कंपनीशी तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही, दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला विचारायचं, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयानं २००६ ला ती अट कलम २७ खाली फेटाळली. तुमच्याकडचं '५ अधिक २' मात्र मुदतीच्या आतच बसवलंय, त्यामुळं ते सुटायला अवघड. कोर्टात भांडता येईल, पण तारखा संपेपर्यंत बॉक्सरचं वय निघून जातं.

दुसरं, मॅनेजर-मेहुण्याचं. अमेरिकेत २००० साली मुहम्मद अलीच्याच नावानं कायदा झाला. प्रमोटर आणि मॅनेजरनं एकमेकांच्या धंद्यात पैशाचा संबंध ठेवायचा नाही, आणि लढतीतून प्रमोटरला काय मिळालं ते बॉक्सरला सांगायचं. पण मॅनेजरवरची ती बंदी दहा फेऱ्यांच्या खालच्या लढतींना नाही. तुमचा मुलगा चार फेऱ्यांचा असेल, म्हणजे तिथंही त्याला हे संरक्षण मिळालं नसतं. आपल्याकडं व्यावसायिक बॉक्सिंगसाठी असा कायदाच नाही. जे काही संरक्षण हवं ते करारातच लिहून घ्यावं लागेल. मराठी प्रत मागा. नाही म्हणाले तर तिथंच उठा.

माय, जिंतूर

माझा भाचा बॉक्सिंग शिकतो. एवढ्या पानांत डोक्याला मार लागला तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे कुठं लिहिलंय का?

औसा रोड, लातूर

ताई, नाही लिहिलेलं. मी ११ पानं दोनदा वाचली. उलट 'इजेची जबाबदारी खेळाडूची' अशी एक ओळ सातव्या पानावर आहे. तुम्ही विचारलं म्हणून पुन्हा काढून पाहिली. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

फडकरी भाऊ, तुमच्याशी माझं भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. पण फड आणि हा करार यांची तुलना मला मान्य नाही. पैलवान महाशिवरात्रीला आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत लढतो आणि आठ दिवसांनी दुसऱ्या गावात. तुमच्या कमिटीनं त्याला इनाम कमी दिलं तर पुढच्या वर्षी तो येत नाही, एवढी त्याची ताकद शाबूत आहे. माझ्या पोराची नेमकी तीच ताकद हा करार ५ वर्षांसाठी काढून घेतोय. अमेरिकेच्या जगज्जेत्या मेवेदरसारख्याला २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर मोजून टॉप रँकच्या करारातून बाहेर पडता आलं, पुढं तो स्वतःच स्वतःचा प्रमोटर झाला. आमच्याकडं मोजायला काय आहे?

एक विचारतो, खरं सांगा. यात्रा झाली की तुमच्याकडं हिशोब कसा होतो?

फडकरी, लोहा

पारावर. यात्रेनंतरच्या रविवारी सगळं गाव बसतं. वर्गणी किती जमली, कुणी किती दिली, कोणत्या जोडीला किती इनाम, मंडप किती, हलगी किती, शिल्लक किती. मोठ्यानं वाचतात. एका वर्षी मंडपवाल्याचे १,८०० जुळत नव्हते, तर रात्री साडेदहापर्यंत कुणी उठलं नाही. शेवटी दोन पावत्या अध्यक्षांच्या सदऱ्याच्या खिशात सापडल्या.

औसा रोड, लातूर

मला एवढंच पाहिजे. त्या कार्यालयात ४०० माणसं होती, मी स्वतः खुर्च्यांच्या रांगा मोजल्या होत्या. माझ्या पोराला हे कळायला हवं की त्यातून किती आले, आणि त्यातले ७,९०० त्याला मिळाले.

फडकरी, लोहा

सर, यावर माझ्याकडं उत्तर नाही. आम्ही पारावर वाचतो ते त्यानं का वाचू नये, याला कारण नाही. प्रमोटरबद्दलचं माझं मत तेच आहे, जोखीम घेणारा पाहिजेच. पण हिशोब दाखवत नसला तर त्याच्याकडं लेकरू पाठवू नका.

पाकिटाचा फोटो मात्र इथं टाकू नका, पोराचं नाव असेल त्यावर. मी पुढच्या आठवड्यात लातूरला येऊलालो. आमची मागच्या तीन वर्षांची वही आणतो. पोराला दाखवा, हिशोब कसा मागायचा ते कळंल त्याला.

काळा कोट, परभणी

वहीबरोबर कराराची प्रत मला पाठवा, सर. खेळाडूचं नाव-पत्ता झाकून. पैसे नकोत.

औसा रोड, लातूर

पाठवतो, वकीलताई. सही झालेली नाही. काल संध्याकाळी पोराच्या वडिलांना मैदानावर बोलावलं, ते सोयाबीनच्या पोत्यांची भरती अर्धी टाकून आले. त्यांना सातव्या पानावरची ओळ मराठीत वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, त्याला खेळायचंय. नाही म्हणू नका, पण हे पान बदलून आणा."

आयोजकाला चार गोष्टी लिहून पाठवल्यात. वर्षाला किमान चार लढती, मॅनेजर आम्ही निवडू, इजेचा खर्च त्यांचा, आणि प्रत्येक लढतीचा हिशोब कागदावर. उत्तर आलं की इथंच लिहितो.