ऑगस्टमध्ये एकटीने समुद्रकिनारी जायचे आहे, कोणते बेट निवडावे?

प्रश्न

येत्या ऑगस्टमध्ये दहा दिवसांची सुट्टी मिळणार आहे आणि प्रथमच एकटीने प्रवास करण्याचे ठरवले आहे. उष्ण कटिबंधातले एखादे बेट, निर्धास्त पोहता येईल असा समुद्र आणि संध्याकाळी दोन शब्द बोलायला कोणी भेटेल इतपत वर्दळ, एवढीच अपेक्षा आहे. मालदीव, बाली, थायलंडमधील फुकेत किंवा को सामुई आणि झांझिबार ही नावे मनात आहेत. परंतु छायाचित्रांत सगळीकडचे पाणी सारखेच निळे दिसते, त्यामुळे निर्णय होत नाही. मला पोहता येते, पण मोठ्या लाटांना तोंड देण्याइतके नाही. स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावरून खालचे पाहणे) करायचे आहे, डायव्हिंग नाही. स्कूटर चालवता येत नाही. अशा व्यक्तीने निवड करताना नेमके काय पाहावे?

प्रतिसाद १

बेटाच्या आधी महिना पाहावा. तुमचा महिना ठरलेला असल्यामुळे फुकेत यादीतून लगेच काढून टाकता येईल. थायलंडच्या अंदमान समुद्राकडील बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे वाहतात, किनाऱ्यांवर लाल झेंडे लागतात आणि पोहणाऱ्याला आत ओढून नेणारे प्रवाह तयार होतात. जवळचे सिमिलान बेटांचे राष्ट्रीय उद्यान तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असते. को सामुई मात्र थायलंडच्या आखातात आहे. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो आणि ऑगस्टमध्ये समुद्र बहुधा शांत असतो. एकाच देशातल्या या दोन बेटांचे ऋतू असे वेगळे आहेत, हे तिकीट काढताना अनेकांच्या लक्षात येत नाही.

बाली आणि झांझिबार ही दोन्ही बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहेत आणि ऑगस्टमध्ये दोन्हीकडे कोरडा ऋतू असतो. मालदीवमध्ये त्या वेळी पाऊस येऊन-जाऊन असतो.

प्रतिसाद २

मालदीवबद्दल स्वानुभवाने लिहितो. तिथले बहुतेक रिसॉर्ट स्वतंत्र बेटावर असतात, खोलीचा दर दोघांचा धरलेला असतो आणि आसपास प्रामुख्याने जोडपी असतात. मी एकटा चार रात्री राहिलो आणि तिसऱ्या दिवशी न्याहारी वाढणाऱ्या मुलाशी गप्पा मारण्याची वेळ कधी येते याची वाट पाहू लागलो. बेट इतके लहान की कंटाळा आला तर जायचे कुठे, हाही प्रश्नच.

लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस चालवण्याची परवानगी 2009 नंतर मिळाली आणि एकट्या प्रवाशासाठी तोच मार्ग शहाणपणाचा आहे. मात्र तिथे मद्य मिळत नाही, पोहण्याच्या आखूड कपड्यांसाठी वेगळा राखलेला किनारा असतो आणि इतरत्र अंगभर कपडे अपेक्षित असतात. आणखी एक गोष्ट: सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमाने, केवळ दिवसाउजेडी उडतात. विमान संध्याकाळी पोहोचत असेल आणि पुढचा प्रवास सी-प्लेनचा असेल, तर पहिली रात्र राजधानी मालेच्या आसपासच काढावी लागते.

प्रतिसाद १ (पुन्हा)

हे सर्व मान्य, तरीही ऑगस्टसाठी मालदीवची बाजू मांडावीशी वाटते. बा अटॉल या कंकणाकृती प्रवाळबेटांच्या समूहातील हनिफारू उपसागरात नैऋत्य मोसमी काळात प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) साठते आणि ते खाण्यासाठी मांटा रे हे पसरट, अवाढव्य मासे मोठ्या संख्येने येतात. 2011 पासून हा अटॉल युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आहे. उपसागरात डायव्हिंगला बंदी असून केवळ स्नॉर्केलिंगला, तेही मार्गदर्शकासोबत, परवानगी आहे. म्हणजे ही जागा जणू प्रश्नकर्तीसाठीच राखलेली आहे. शेजारच्या धारावंधू या लोकवस्तीच्या बेटावर विमानतळ आणि गेस्टहाउस दोन्ही आहेत, त्यामुळे रिसॉर्टची आवश्यकता नाही. फक्त पाऊस आणि खवळलेला समुद्र यांमुळे एखादा दिवस वाया जाईल, हे गृहीत धरावे.

प्रतिसाद ३

झांझिबारला हवामानापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या पाजे आणि जांबियानी येथे ओहोटीला समुद्र इतका मागे हटतो की पाण्यापर्यंत पोहोचायला बराच वेळ चालावे लागते आणि पोहण्याचे तास भरतीच्या वेळापत्रकावर ठरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक सर्वाधिक असतो, मधल्या, म्हणजे भांगाच्या दिवसांत कमी. उघड्या पडलेल्या त्या पट्ट्यात स्थानिक स्त्रिया समुद्री शेवाळाची शेती करताना दिसतात. ते दृश्य मला पोहण्यापेक्षाही अधिक लक्षात राहिले. पण तिथे काटेरी सी अर्चिन असतात, म्हणून पायात रबरी बूट हवेतच. ऑगस्टमध्ये कुसी नावाचा दक्षिणेकडचा वारा जोरात असतो, त्यामुळे पाजेला काइटसर्फिंग करणाऱ्यांची गर्दी होते. दिवसभर पोहायचे असेल तर उत्तर टोकाचे नुंगवी किंवा केंडवा निवडावे, तिथे ओहोटीलाही पाणी फारसे दूर जात नाही.

प्रतिसाद ४

बाली म्हटले की लोक कुटा, सेमिन्याक किंवा चांगू येथे खोली घेतात. हे पश्चिमेकडचे किनारे सर्फिंगसाठी प्रसिद्ध आहेत, आणि ते ज्या लाटांमुळे प्रसिद्ध आहेत त्याच तुम्हाला नको आहेत. सानूर आणि नुसा दुआ या पूर्वेकडच्या किनाऱ्यांना प्रवाळखडकांचे संरक्षण आहे, तिथे पाणी शांत असते. सानूरला किनाऱ्यालगत लांबच लांब पायवाट आहे, त्यामुळे स्कूटरवाचून अडत नाही. वर्दळही बेताची असते, एकटीने जेवायला बसले तरी कोणी वळून पाहत नाही. ऑगस्ट हा तिथला गर्दीचा महिना असल्याने निवास आधी निश्चित करावा.

बालीच्या पूर्वेला असलेल्या लोंबोक बेटाजवळच्या तीन गिली बेटांचाही विचार करावा. तिथे मोटार वाहनांना बंदी आहे; सायकल, घोडागाडी किंवा पाय. त्रावांगनवर रात्रीचा गोंगाट असतो, मेनो फारच निवांत, तर गिली एअरची वर्दळ या दोन्हींच्या मधली. किनाऱ्याजवळ समुद्री कासवे दिसतात. मात्र बेटांच्या मधल्या खाड्यांत प्रवाह जोरदार असतो, म्हणून स्नॉर्केलिंग गटाबरोबरच करावे. जोडीला माणूस नसताना पाण्यात उतरू नये, हा नियम एकट्या प्रवाशाने कोणत्याही बेटावर पाळावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. मांटा रेचा मोह मोठा आहे, परंतु पहिल्याच एकल प्रवासात पावसामुळे खोलीत अडकून पडण्याची तयारी नाही. सानूरला पाच रात्री आणि गिली एअरला चार, असे ठरवते आहे. शेवटच्या दिवशी गिलीहून थेट विमानतळावर जाणे सुरक्षित आहे का?

प्रतिसाद ४ (पुन्हा)

नाही, क्रम उलटा करावा. ऑगस्टमधील आग्नेय वाऱ्यांमुळे लोंबोक सामुद्रधुनी खवळलेली असते आणि नौका अनेकदा उशिरा सुटतात, कधी रद्दही होतात. आधी गिली आणि मग सानूर केले, तर एक दिवस चुकला तरी विमान चुकणार नाही. नौका सकाळची घ्यावी आणि पासपोर्ट जलरोधक पिशवीत ठेवावा. माझा गेल्या वेळी पाठपिशवीसकट भिजला होता.