गोळी पेंडीच्या पोत्यावर जीवनसत्त्वांचा आकडा नसेल तर काय समजावे?

प्रश्न (दूध उत्पादक, सांगोला):
नमस्कार. उन्हाळ्यात आमच्याकडे ओला चारा जवळजवळ संपतो आणि संकरित गायींचा सगळा भार कडबा व गोळी पेंडीवर येतो. एका पोत्यावर प्रथिने, स्निग्धांश व तंतूंचे टक्के छापले आहेत, परंतु पुढे केवळ ‘जीवनसत्त्व अ, ड३, इ युक्त’ एवढेच आहे. दुसऱ्यावर ‘अ : ७,००० आय.यू. प्रति किलो’ असे आहे. जीवनसत्त्वे टक्क्यांत का देत नाहीत, आणि ७,००० पुरेसे आहेत का?

उत्तर (पशुआहार विषयाचे निवृत्त प्राध्यापक):
भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २०५२ या पशुखाद्याच्या मानकात किलोमागे किमान ७,००० आय.यू. (आंतरराष्ट्रीय एकके) अ, १,२०० आय.यू. ड३ आणि ३० आय.यू. इ सांगितले आहे. एक आय.यू. अ म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचे रासायनिक नाव), म्हणजे ५० किलोच्या पोत्यात जेमतेम १०५ मिलिग्रॅम. टक्क्यांत लिहिले तर शून्यांखेरीज काही दिसणार नाही. म्हणूनच आकड्याविना छापलेल्या ‘युक्त’ या शब्दाला मी काहीही किंमत देत नाही, कारण चिमूटभर मिसळूनही तो खरा ठरतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००१ च्या शिफारशीनुसार वजनाच्या किलोमागे ११० आय.यू. अ धरले, तर ४०० किलोच्या गायीला रोज ४४,००० लागतात. पाच किलो पेंडीतून ३५,००० मिळतील. उरलेली तूट किलो-दोन किलो हिरवा लसूणघास भरून काढतो, वाळलेला कडबा मात्र नाही.

उत्तर (पशुवैद्यक, बारामती):
सरांच्या हिशेबात उत्पादनाची तारीखही धरावी, कारण उष्णता, ओल, हवा आणि पेंडीतीलच तांबे-लोहासारखी खनिजे यांमुळे अ जीवनसत्त्व साठवणीत घटत जाते. ब गटाची लांबलचक यादी पाहून मोठ्या गायीसाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण ती जीवनसत्त्वे तिच्या पोटातील सूक्ष्मजीव बहुतांशी स्वतःच तयार करतात. रवंथ सुरू न झालेल्या वासरांची गोष्ट वेगळी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पहिल्या पोत्याच्या शिलाईत अडकवलेल्या चिठ्ठीवर बॅच क्रमांक वाचता येतो, पण महिना पुसट झाला आहे.

पशुवैद्यक:
मग तो बॅच क्रमांक देऊन कंपनीकडून उत्पादनाचा महिना आणि किलोमागील अ, ड३, इ यांचे आकडे लेखी मागवा. उत्तर येईपर्यंत, विशेषतः गाभण गायींसाठी, दुसरीच पेंड घ्यावी.