अनुभव धागा : वस्तीतल्या मुलांना अर्थशास्त्र शिकवताना

धागाकर्ती, पंचवटी
नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात अर्थशास्त्राची ओळख एकाच धड्यात येते. तो धडा घाईत उरकतो आणि मुलांकडे उरतात फक्त व्याख्या. मी वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. तिथल्या मुलांच्या घरी पैशाचा विचार रोजच होतो. रेशन कधी मिळणार, भिशीचा नंबर कधी लागणार, नाक्यावर आज काम लागेल का? एवढं जाणणाऱ्या मुलांना हाच विषय रटाळ वाटावा, हे मला पटत नाही. तुम्ही काय करून पाहिलंत, ते सविस्तर लिहा.

शिक्षक, नाशिकरोड
आमच्या वर्गात हा प्रश्न येतोच : "सर, नोटांचा छापखाना आपल्याच गावात आहे, मग सगळ्यांना भरपूर छापून का देत नाहीत?" करन्सी नोट प्रेस इथे १९२८ पासून आहे, तेव्हा प्रश्न अगदी स्वाभाविक. मी उत्तर न देता लिलाव लावतो. टेबलावर पाच पेन, प्रत्येकाला कागदाचे दहा रुपये. दुसऱ्या फेरीत पेन तेवढेच, पण प्रत्येकाकडे तीस रुपये. बोली चढतच जाते. एकदा मागच्या बाकावरची मुलगी ओरडली, "पैसे वाढले, पण पेन कुठं वाढले?" महागाई हा शब्द मी त्यानंतरच फळ्यावर लिहिला. नोटा किती लागणार हे रिझर्व्ह बँक सरकारशी बोलून ठरवते, प्रेस फक्त छापते, हेही त्याच ओघात सांगून होतं.
एका वर्षी पोरांनी मधल्या सुट्टीतच ठरवून टाकलं होतं, की पाचच्या वर कुणी जायचं नाही. मग तो तास संगनमतावर झाला, आणि फार रंगला.

बचत गटाची कार्यकर्ती, सातपूर
आठवी ते दहावीच्या मुलींसाठी मी कर्जाचं गणित घेते. दहा हजार घेतले, महिन्याला बाराशेचे दहा हप्ते. व्याज किती? सगळ्या म्हणतात, वीस टक्के. मग दर महिन्याला मुद्दल किती उरलं, याचा तक्ता त्यांच्याकडूनच भरून घेते. मुद्दल दर हप्त्याला कमी होतं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवरच लावलेलं असतं; यालाच 'फ्लॅट' व्याज म्हणतात. शिवाय पैसे वर्षभर नाही, दहाच महिने वापरले. खरा दर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे जातो. मुली तो तक्ता वहीतून फाडून आईला दाखवायला नेतात. 'फ्लॅट' म्हणजे काय, हे विचारल्याशिवाय सही करायची नाही, एवढं त्या घरात नक्की सांगतात.

शिक्षिका, मूळ निफाड तालुक्यातली
कांदा सोडून दुसरा विषय शोधायची गरजच नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली. माझ्या वर्गात काहींचे मामा कांदा पिकवतात, काहींच्या आया वडापावची गाडी लावतात. बंदी असावी की नसावी, यावर दोन गट पाडले. लासलगावच्या कांदा बाजाराचे भाव मुलांनीच पेपरातून काढून आणले. लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो; उन्हाळ कांदा साठवणुकीच्या कांदाचाळीत महिनोन्महिने राहतो. थांबू शकणारा शेतकरी आणि न थांबू शकणारा, यांच्यातला फरक मामाच्या शेतावर जाणाऱ्या मुलाने सगळ्यांना समजावला. एरवी तो वर्गात तोंड उघडत नसे.

माजी विद्यार्थिनी, सिडको
एक विनंती. "घरचा महिन्याचा जमाखर्च लिहून आणा" असा गृहपाठ कृपा करून देऊ नका. आम्हाला दिला होता आणि वर्गात मोठ्याने वाचायला लावला होता. माझ्या मैत्रिणीचे वडील कमाई दारूत घालवायचे. तिने खोटे आकडे लिहिले आणि नंतर त्या तासाला ती बसेनाशी झाली.

धागाकर्ती, पंचवटी
सिडकोच्या ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्ही म्हणूनच एक काल्पनिक घर वापरतो : आई धुणीभांडी करते, वडील बिगारी, पावसाळ्यात काम निम्म्यावर. खर्चाची यादी मुलंच करतात. स्वतःच्या घरचं कुणालाच सांगावं लागत नाही, तरी दवाखाना, लग्नाचा आहेर, मोबाईलचा रिचार्ज, गावी पाठवायचे पैसे, सगळं आपोआप यादीत येतं. नाशिकरोडचे सर, लिलावात बोलीला धजत नाहीत अशा मुलांना तुम्ही कसं ओढता, तेही लिहा ना.