नाझी चिन्ह खरवडलं म्हणजे पदक निर्मळ झालं का? जर्मनीच्या '५७च्या पदकां'विषयी

रूरकाठ
परवा माझा पदकांचा ट्रे पाहून एका मित्रानं तोंडावर विचारलं, "नाझींची पदकं कशाला रे जमवतोस?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे मांडतो.

मी जमवतो ती १९५७ची पदकं. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जर्मन लष्करी पदकं घालायला बंदी केली होती. १९५५ला पश्चिम जर्मनीची नवी सेना, बुंडेसवेअर, उभी राहिली. तिच्यात जुन्या सैन्यातलेच कितीतरी अधिकारी होते, त्यामुळे त्यांनी छातीवर काय लावायचं हा प्रश्न आला. २६ जुलै १९५७च्या कायद्यानं तोडगा काढला: लढून मिळवलेलं पदक घालता येईल, पण त्यावर नाझी चिन्ह चालणार नाही. ही नवी पदकं सरकारनं वाटली नाहीत, माजी सैनिकांनी ती पदरचे पैसे घालून विकत घेतली.

माझ्याकडे या घडणीचा आयर्न क्रॉस आहे, दुसऱ्या दर्जाचा. काळा लोखंडी गाभा, भोवती चंदेरी दाणेदार कड. खालच्या भुजेवर १९३९. मधोमध हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझींचं वाकड्या भुजांचं चिन्ह, असायचं, तिथे ओकची तीन पानं. ही पानं काही कुणी १९५७ला नव्यानं शोधलेली नाहीत. १८१३ला प्रशियाच्या राजानं नेपोलियनविरुद्धच्या युद्धात हे पदक काढलं, तेव्हापासून ती त्यावर होती. म्हणजे हिटलरला ओलांडून मागे जाऊन त्यांनी ती आणली. एक देश स्वतःच्या लाजेशी कसा झगडला ते मला या तीन पानांत दिसतं. मूळ नाझी पदकाला मी हात लावत नाही. माझं म्हणणं, ५७चा संग्रह हा नाझींचा नव्हे, नाझींनंतरच्या जर्मनीचा संग्रह आहे.

प्राची_ह
रूरकाठ, लिहिलंय छान, पण मला अजिबात पटलेलं नाही. पानं बदलली, आकडा तोच ठेवला ना? १९३९ म्हणजे पोलंडवर चाल केली ते साल. पदक कशासाठी मिळालं ते जसंच्या तसं राहिलं, फक्त डोळ्यांना खुपणारा भाग काढला. याला झगडणं कसं म्हणायचं? घरात पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली सारतात, तसं आहे हे.

आणि आयर्न क्रॉसचंच उदाहरण का घेतलंत? 'बांडेनकाम्फ'चा बिल्ला घ्या. पार्टिझान, म्हणजे जर्मनांनी बळकावलेल्या मुलखातले गनिमी लढवय्ये, नाझींच्या भाषेत 'टोळ्या', यांच्याशी लढल्याबद्दल १९४४पासून तो देत. लढाईचे २० दिवस भरले की कांस्य, ५०ला रौप्य, १००ला सुवर्ण. या 'टोळीविरोधी' मोहिमांत पूर्व युरोपात गावंच्या गावं माणसांसकट जाळली गेली. त्या बिल्ल्याचीही १९५७ची आवृत्ती निघाली! सापांत खुपसलेल्या तलवारीवरचं चिन्ह गेलं, साप मात्र राहिले. त्या सापांच्या जागी कोण माणसं होती ते आठवा आणि मग सांगा, हा कुठल्या लाजेचा पुरावा?

पूर्व जर्मनीनं असली सोय केली नाही, तिथे ही पदकं घालता येत नसत. म्हणजे दुसरा रस्ता होता.

जुनीनाणी
प्राचीताईंचा मुद्दा जड आहे, पण मी बाजाराच्या बाजूनं बोलतो. ५७ घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घ्यावं. जर्मनीतल्या लुडेनशाइड गावच्या कारखान्यांनी युद्धाआधी, युद्धात आणि नंतरही पदकं ठोकली. त्यातल्याच 'स्टाइनहाउअर आणि ल्युक' या कारखान्यानं आयर्न क्रॉस केले आणि नव्या प्रजासत्ताकाचा बुंडेसफर्डीन्स्टक्रॉइत्स, म्हणजे देशसेवेचा सन्मान, तोही केला. कारखाना जुनाच, त्यामुळे कडा, पिना, बिजागऱ्या इतक्या सारख्या येतात की लबाड विक्रेते ५७ची चौकट घेऊन तिच्यात हाकेनक्रॉइत्सचा गाभा बसवतात आणि 'युद्धकाळातलं अस्सल' म्हणून दसपट भावानं विकतात. मी स्वतः एकदा फसलोय. चौकटीचा सांधा भिंगाखाली धरला तर आतल्या कडेला ताजी घासल्याची रेघ होती. तेव्हापासून आधी भिंग, मग पाकीट.

म्हणून मला ५७ प्रामाणिक वाटतं. ते स्वतःचं वय लपवत नाही.

एक विनंती. इथे कुणी त्या चिन्हाला 'स्वस्तिक' लिहू नका. आपण उंबऱ्यावर रांगोळीनं काढतो ते वेगळं. रूरकाठांनी जर्मन नाव वापरलंय, तेच ठेवूया.

पलटणकर
आमचे आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत लढले. म्हणून थोडं बोलतो.

नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत पडले. सोबतचे एक तर मेले नाहीतर जखमी झाले, तरी एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि ते घेतलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे. आता समोरच्या बाजूचा विचार करा. त्या डोंगरांत आपल्या पोरांवर गोळ्या झाडून कुणाला आयर्न क्रॉस मिळालाच असेल. तो माणूस १९५७नंतर ओकच्या पानांचा क्रॉस लावून समारंभाला उजळ माथ्यानं जाऊ शकला. मला याचा राग येत नाही. सैनिक सैनिकाशी लढला, आजोबाही जर्मन शिपायाबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. पण त्याच इटलीत, त्याच वर्षी, मार्झाबोत्तोच्या परिसरात एसएसनं, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलानं, सातशेहून जास्त गावकरी मारले, बायका-पोरांसकट. त्याबद्दल मात्र ते बोलायचे, आणि बोलता बोलता गप्प व्हायचे.

माझा प्रश्न रूरकाठांना: तुमच्या ट्रेमध्ये प्राचीताईंनी सांगितलेला तो बिल्ला आहे का?

रूरकाठ
आहे. कांस्य. चार वर्षांपूर्वी फ्लोमार्क्टवर, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, एका पेटीत इतर बिल्ल्यांबरोबर आला. 'संच पूर्ण झाला' म्हणून मी खूश झालो होतो, हे कबूल करतो.

प्राचीताई, आयर्न क्रॉसबद्दल मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. जखमींचा बिल्लाही माझ्याकडे आहे, काळा, म्हणजे एकदा-दोनदा जखमी झालेल्याचा. पातळ पत्र्यावर ठोकलेला, मागून पोकळ, शिरस्त्राणावरचं चिन्ह काढून गुळगुळीत केलेलं. रंग फक्त वरच्या कडेला उडालाय, कुणीतरी तो रोज अंगठ्यानं चाचपत असावा तसा. १९ वर्षांच्या पोराच्या मांडीतून गोळी गेली, तर त्याला तो बिल्ला लावू द्यावा, असंच मला वाटतं. पण टोळीविरोधी बिल्ल्याबाबत तुम्ही बरोबर आहात. तो १९५७च्या परवानगीत यायलाच नको होता. चिन्ह पुसून तो सभ्य झाला असं मी चार वर्षं स्वतःला सांगत होतो.

प्राची_ह
हे सरळ लिहिलंत त्याबद्दल आभार. मग तो विकणार का?

रूरकाठ
नाही. विकला तर पुन्हा कुणाच्या तरी संचात जाऊन बसेल. ट्रेमधून काढून वेगळ्या डबीत ठेवतोय, सोबत कागद: २०, ५०, १०० म्हणजे काय, आणि 'टोळ्या' कुणाला म्हणत. पलटणकर, मार्झाबोत्तोबद्दल आजोबा जे सांगत ते दोन ओळींत लिहून द्याल का? तेही त्या कागदावर घालतो.

पलटणकर
देतो. आईला विचारून नीट लिहितो, तिला जास्त आठवतं.