मदत हवी आहे: २.६७५ राउंड केलं तर २.६७ का येतंय?

धागाकर्ता: बिलिंगचा प्रोग्राम लिहितोय, १०७ रुपयांवर अडीच टक्के सीजीएसटी म्हणजे २.६७५, राउंड केल्यावर २.६८ यायला पाहिजे तर २.६७ येतंय, एक्सेल मात्र २.६८ दाखवतं. उद्या सकाळी दुकानात द्यायचंय, लवकर सांगा प्लीज.

रात्रपाळी: भाषा कुठली? कोडची ओळ टाका.

नवा_कोडर: पायथॉन ३ असेल तर ते बँकर्स राउंडिंग करतं, म्हणजे आकडा बरोबर मधोमध असेल तर जवळच्या सम आकड्याकडे नेतं. राउंड(२.५) करून बघा, २ येईल.

हिशेबनीस: इथे ते कारण नाही हो! बँकर्स राउंडिंगने सम आकड्याकडे जायचं, म्हणजे २.६८ च यायला हवं होतं.

धागाकर्ता: हो पायथॉनच. राउंड(१०७*२.५/१००, २). गंमत म्हणजे १०७*०.०२५ लिहिलं की २.६८ येतं!!

रात्रपाळी: २.६७५ बायनरीत (कॉम्प्युटरच्या ०-१ च्या आकड्यांत) नेमका बसतच नाही. साठवला जातो २.६७४९९९९९९९९९९९९८२..., म्हणून खाली जातो. दुसऱ्या पद्धतीत गुणाकार २.६७५ च्या किंचित वर पडतो. राउंड बरोबरच आहे, त्याला मिळालेला आकडाच वेगळा आहे.

सी_वाला: एवढं कशाला, राउंड करायच्या आधी ०.०००१ मिळवा. आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो.

हिशेबनीस: कृपा करून हे करू नका. २.६७४९५ चे मग २.६८ होतील, गिऱ्हाईकाकडून जास्त पैसा घेतला जाईल.

नवा_कोडर: एफ-स्ट्रिंगमध्ये (पायथॉनची आकडा मजकुरात छापायची पद्धत) .२एफ दिलं की दोनच दशांश दिसतात.

रात्रपाळी: त्यानेही २.६७ च दिसणार. डेसिमल मॉड्यूल घ्या, ते दशांश आकडे जसेच्या तसे ठेवतं; त्यातल्या क्वांटाइझला (राउंड करणारं फंक्शन) राउंड_हाफ_अप द्या, म्हणजे अर्धा आला की वर जाईल.

सी_वाला: १९९१ साली सौदी अरेबियात धाहरानला अमेरिकेचं पॅट्रियट क्षेपणास्त्र चुकलं, २८ सैनिक गेले, ते याच फ्लोटिंग पॉइंटमुळे (फ्लोट, म्हणजे दशांश आकडा बायनरीत अंदाजे साठवायची पद्धत).

हिशेबनीस: ते २४ बिटांचं फिक्स्ड पॉइंट (दशांश चिन्हाची जागा ठरलेली) होतं, ०.१ सेकंद बायनरीत नेमका बसत नाही म्हणून त्यात कापला जायचा. मूळ दुखणं तेच, पण फ्लोट नव्हे. आणि यांना उद्या बिल द्यायचंय, तिकडे बघा.

धागाकर्ता: डेसिमल(२.६७५) केलं, तरी २.६७!

रात्रपाळी: अवतरणचिन्हात द्या, '२.६७५' असं. नाहीतर आधी फ्लोट होतो आणि तोच बिघडलेला आकडा डेसिमलमध्ये जातो.

धागाकर्ता: आलं २.६८! पण डेटाबेसमध्ये रकमेचा कॉलम फ्लोट आहे, चालेल?

हिशेबनीस: नाही. न्यूमेरिक(१२,२) करा, म्हणजे एकूण १२ अंक आणि त्यातले २ दशांश, नेमके साठवले जातील; आजच करा, डेटा भरायच्या आधी.