मदत हवी आहे: आजोळच्या खिडकीचा रंग कसा काढू?

राजापूरचं आजोळचं घर उतरवलं, तेव्हा माजघरातल्या खिडकीची दोन सागवानी झडपं पुण्याला आणली. एकाचा आरसा करायचाय, दुसऱ्यात आजीचे फोटो लावायचेत. अडचण रंगाची. हिरव्या ऑइलपेंटचे चार-पाच थर आहेत. टवका उडाला तिथे खालचा निळा दिसतो. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, त्यावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. घरात दीड वर्षाची मुलगी आहे, त्यामुळे कोरड्या पॉलिश पेपरने घासायचं धाडस होत नाही. हीट गनने तावदानं तडकतील ना? शिवाय धूर. पेंट रिमूव्हर कोणी वापरलाय का? त्याने सागवान काळं पडतं का? पितळी कडी मात्र आहे तशीच ठेवायचीय, आजीच्या हातानं गुळगुळीत झालेली. पुण्यात असं काम जपून करणारे सुतार माहीत असतील तर जरूर सांगा.